तेलाच्या वाडग्यातल्या माश्या

जिवंत आणि मृत यांतला भेद ओळखता येणे, हाच सर्व ज्ञानाचा पाया आहे. आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हा पाया एका पोचे आलेल्या अॅल्युमिनियमच्या वाडग्यात असे, आणि वाडग्यात शिवणयंत्राचे तेल असे.

एकोणीसशे साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते. बेळगावकडून बंगळूरला येऊन मी फळमाश्यांच्या उडण्याच्या स्नायूंवर काम करू लागलो होतो. माशी तिळाएवढी. दुधाच्या बाटलीत रवा, गूळ आणि यीस्ट शिजवून ओतलेली खळ, तोंडाला कापसाचा बोळा, एवढाच तिचा संसार. तिला भिंगाखाली पाहायचे तर आधी वेगळ्या बाटलीत झटकून इथरने झोपवावी लागे. इथर जरा जास्त झाले की माशी मरे, आणि मरताना तिचे पंख पाठीवर ताठ उभे राहत. म्हणून नियम सोपा होता. पंख मिटलेले असले तर माशी झोपली आहे. पंख उभे असले तर मेली आहे, ब्रशने तेलात ढकला. नव्या माणसाला हा नियम त्याचे नाव विचारायच्या आधी सांगत.

आमच्यात एकच मुलगी होती. वयाने मोठे असलेलेही तिला अक्काच म्हणत. ती आनेकलहून बसने येई. तिचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचे विसरले. घरात मराठी होती, पण तिला कानडीचे भरपूर पाणी लागलेले. मला ती अण्णा म्हणे. प्रयोगशाळेत मराठी आम्हा दोघांनाच येत असल्यामुळे आमच्या मार्गदर्शक सरांबद्दलची मते मांडायला आम्हाला बाहेर जावे लागत नसे.

एका सकाळी उभ्या पंखांची एक माशी तेलाकडे ढकलता ढकलता तिचा ब्रश थांबला.

"अण्णा, ही मेली नाही."

"मेलीय. पंख बघ की."

"पंख मेले असतील. पाय चालतायत."

खरेच चालत होते. ती माशी शुद्धीवर आली, खळ खाल्ली, काचेवर चढली. फक्त उडेना. उडी मारी आणि पडे. अक्काने तिला जोडीदार दिला, पिल्लांतून पुन्हा तसल्याच निवडल्या, आणि काही पिढ्यांनी तिच्याकडे एक बाटली झाली, जिच्यातल्या साऱ्या माश्यांचे पंख उभे होते. जन्मतःच स्नायू बिघडलेली माशी म्हणजे स्नायू कसा चालतो हे विचारायला सापडलेला उत्तम साक्षीदार. अक्काला प्रबंधासाठी हाच विषय हवा होता.

सरांनी भिंगातून पाहिले. "इथर जास्त झाले आहे."

"सर, जिवंत आहेत."

"मग अर्धे जास्त झाले आहे."

बाटलीतच चालताना पाहा म्हटले, तर काचेआडून पाहिलेले ते शास्त्र नव्हे, असे उत्तर आले. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथरने अधू झाल्या आहेत, हे त्यांचे मत. शेवटी ते म्हणाले, "जिने जन्मात इथर हुंगले नाही अशी उभ्या पंखांची माशी आण. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पंखांची लांबी मोजायची."

पंखांची लांबी हा विभागाचा राखीव विषय होता. आधी ज्याने तो घेतला होता, तो बँकेत चिकटला.

मागणी मात्र रास्त होती, हे अक्कानेही मान्य केले. कपाटात जागा कमी म्हणून तिला एकच बाटली ठेवायची परवानगी होती. तिने मोठ्या माश्या काढून टाकल्या आणि अळ्या तेवढ्या ठेवल्या. अळ्यांचे कोष झाले. ज्या दिवशी पहिल्या माश्या कोषातून बाहेर आल्या, त्याच दिवशी दिल्लीहून एक मोठे पाहुणे आले. पताका लागल्या, खिडक्या पुसल्या. समारंभ झाला की सरांना बाटली दाखवायची, असे अक्काने ठरवले होते.

सरांनी पाहुण्यांसमोर प्रास्ताविक केले. उड्डाण ही सृष्टीची पहिली कविता आहे, असे त्यात होते. मग प्रात्यक्षिकासाठी त्यांनी कपाटात हात घातला आणि सगळ्यांत पुढची बाटली उचलली.

"सर, ती नको," अक्का म्हणाली.

सरांनी हात वर करून तिला गप्प केले. माश्या इथरच्या बाटलीत झटकल्या, घड्याळ पाहून इथर दिले, अगदी नियमाने, आणि माश्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतल्या. एकूण एक पंख उभे.

"ह्या मृत," सर पाहुण्यांना म्हणाले, आणि सगळ्या तेलात ढकलल्या. फोटोग्राफरने फोटो काढला. "विद्यार्थ्यांकडून इथर जास्त होते."

"इथर तुम्ही दिलंत, सर," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता.

पाहुण्यांनी विचारले, "मग जिवंत कुठल्या?" आणि मंडळी दुसऱ्या कपाटाकडे गेली.

मी अक्काला म्हटले, "गेलं सगळं."

"बाटली कुठाय?"

टापटिपीसाठी रिकाम्या बाटल्या त्या दिवशी लगेच धुवायला गेल्या होत्या. मागच्या व्हरांड्यात चुलीवर पातेले उकळत होते. "स्वल्प थांबा!" असे ओरडत अक्का धावली आणि तिने उकळत्या पाण्याच्या तोंडातून बाटली काढली. आत, काचेला, गव्हाच्या कोंड्यासारखे काही कोष अजून चिकटलेले होते. सरांनी झटकल्या त्या माश्या. कोष झटकून पडत नाहीत.

"अण्णा, बोळा दे."

तिने नवा बोळा लावला, बाटली पदरात धरली आणि चहाला गेली नाही. संध्याकाळी बाटली तिच्याबरोबर आनेकलच्या बसने गेली. पताकांच्या रखवालीवर तिचा विश्वास उरला नव्हता.

सकाळी ती पहिल्या बसने आली आणि सरांच्या खोलीत गेली, मी मागे. बाटली टेबलावर ठेवून तिने बोळा काढला.

"बोळा! बोळा!" म्हणत सरांनी सवयीने बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"हात काढा, सर."

थोड्या वेळाने त्यांनी काढला. बाटलीत माश्या फिरत होत्या, पंख उभे. एकही उडाली नाही. एक काठावर चढली, उडी मारली आणि कालच्या भाषणाच्या कागदावर पडली. सर्व मजकुरावरून ती चालत गेली. सरांनी चष्मा वर करून पाहिले, ब्रशने तिला हळूच टोचले. तिने चाल वाढवली.

"इथर?"

"नाही, सर. बाटलीत कधीच नाही."

सरांनी माशी स्वतः ब्रशवर घेऊन परत आत सोडली आणि बोळा लावला. "सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "पंख मोजायचे राहू दे. हिच्यासाठी आणखी बाटल्या माग."

त्या आठवड्यात वाडग्यावर एक कागद चिकटला, अक्काच्या अक्षरात: आधी ब्रशने टोचा. अक्काचा प्रबंध पुढे त्याच माश्यांवर झाला.

पाहुण्यांच्या भेटीचा फोटो चौकट करून विभागाच्या दाराशी लावला. त्यात सर ब्रशने काहीतरी दाखवत आहेत आणि पाहुणे आदराने वाकले आहेत. खाली लिहिले आहे, 'जिवंत माश्यांचे निरीक्षण'. दोघेही तेलाच्या वाडग्यात पाहत आहेत.