गोळीशिवाय राऊपर्यंत

महू रस्त्यावरच्या पहिल्या मैलाच्या दगडाला मी हात लावला, तेव्हा एका टांगेवाल्याने घोडा थांबवून विचारलं, "क्यों भिया, तबियत तो ठीक है ना?" तबियत इतकी ठीक होती की त्याला खाली ओढून मिठी मारावीशी वाटली. घरापासून त्या दगडापर्यंत मी माझ्या पायांनी चालत आलो होतो. चौतीस वर्षांच्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाने यात काय मिरवायचं, हे त्याला समजावून सांगायला पाऊण तास तरी लागला असता, आणि मागून बाबा काठी आपटत होते, "बस्स, वापस फिर." त्या टांगेवाल्याला सांगायचं राहून गेलं, ते आता सांगतो.

सुरुवात मजेतच झाली होती. मध्यभारत सरकार नवं नवं होतं. संस्थान गेलं तसा बाबांचा रिसाला, म्हणजे संस्थानचं घोडदळ, मोडला. आयुष्यभर घोड्यांच्या पायांत वाकलेला माणूस घरी बसला, आणि मी नव्या सरकारात कारकून झालो. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दफ्तराच्या पेट्या वर्षातून दोनदा रेल्वेत चढायच्या आणि त्यांच्यामागून आम्ही. ग्वाल्हेरच्या खोलीत आम्ही चार कारकून, बायकामुलं इंदुरात, थंडी मरणाची. त्या चौघांतल्या एकाच्या डबीत अफू असायची. पहिल्या दिवशी मी घेतली ती मोहरीएवढी, निव्वळ गंमत म्हणून. इंदूरला परतलो तेव्हा ती मटाराएवढी झाली होती आणि गंमत चालूच होती. संध्याकाळी आम्ही चौघं कृष्णपुऱ्याला राजांच्या समाध्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसायचो, गोळी घ्यायचो आणि मग सराफ्यात जाऊन रबडी खायचो. जग किती चांगलं आहे यावर मी त्या पायऱ्यांवर जेवढं बोललो, तेवढं आयुष्यात कधी बोललो नाही.

दोन वर्षांनी मजा कुठल्या कुठे गेली आणि गोळी तेवढी राहिली. अर्धा तास उशीर झाला की कंबर धरायची, नाक गळायचं, जांभयांवर जांभया. मी गोळी घेत होतो ती दुखू नये म्हणून.

बायकोच्या हे लक्षात आलं ते आंबेडाळीमुळे. अफू खाणारा माणूस आंबटाला हात लावत नाही. आंबटाने अमल उतरतो अशी त्याची पक्की समजूत असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिने डाळ केली होती. कैरी चांगली आंबट, वरून हिंगाची फोडणी. माझ्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवली होती आणि मी ती सरकवून दिली. म्हणालो, "दात आंबतात." लग्न झाल्यापासून दर चैत्रात मी तिच्याकडे तीनतीन वाट्या मागत आलो होतो. दुसऱ्या दिवशी तिने सरळ विचारलं आणि मी सरळ खोटं बोललो. श्रावणात ती आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन महू रस्त्यावरच्या राऊला निघून गेली. तिथे तिचा थोरला भाऊ शाळेत मास्तर होता.

मी तीनदा तिला आणायला गेलो. तिन्ही वेळा टांग्याने, तिन्ही वेळा निघताना गोळी घेऊन. राऊला उतरलो की माझा चेहरा असा खुललेला असायचा आणि वचनं अशी द्यायचो की ऐकणाऱ्याने लगेच बोचकं बांधावं. तिसऱ्या वेळी तिने मला दारातच थांबवलं.

"अमल चढला की तुम्ही फार गोड बोलता. मला त्या गोड बोलण्याची भीती वाटते. गोळी सोडा. सुटली की इथवर चालत या. टांगा नको, मोटार नको. त्याच दिवशी मी तुमच्याबरोबर निघेन."

"आठ मैल आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी तिच्यावर इतका भडकलो होतो की टांगेवाल्याला सगळी हकीकत सांगितली. तोही तिच्याच बाजूचा निघाला.

आमच्या डॉक्टरांनी गोळी थोडी थोडी कमी करत आणली. दिवाळीनंतर शेवटची घेतली. मला वाटलं होतं, आता बँड वाजेल आणि मी उठून राऊला जाईन. उलट खरं दुखणं तिथून सुरू झालं. गुडघे, पोटऱ्या, कंबर, मनगटं; दुखणं जागा बदलायचं पण घर सोडायचं नाही. आणि थकवा असा की तोंड धुऊन आलो की पुन्हा आडवं व्हायचं. पंचा पिळताना हात भरून यायचे. मला माझी चीड यायची. डॉक्टर म्हणाले, अंग सावरतं, पण त्याला वेळ लागतो, आणि किती ते मी सांगू शकत नाही. मी बिनपगारी रजेवर घरात पडून होतो आणि आठ मैल मला विलायतेएवढे लांब वाटत होते.

बाबा माझ्याशी महिनोन् महिने बोलत नव्हते. एका सकाळी ते आले, खाटेच्या कडेला बसले, माझा पाय उचलला आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत गेले. मग दुसरा पाय.

"बाबा, मी घोडा नाही."

"घोडा असतास तर अब तक बरा झाला असतास. घोडा सांगितलेलं ऐकतो." त्यांनी पाय खाली ठेवला. "लंगड्या जनावराला दौडवत नाहीत आणि बांधून पण ठेवत नाहीत. रोज चालवतात. थकायच्या आधी परत फिरवतात. तबियत खुश असली तरी तेवढंच, आणि खराब असली तरी थोडं. समजलं का? उठ."

पहिल्या दिवशी आम्ही फाटकापर्यंत गेलो. मी पुढे निघालो तर म्हणाले, "वापस फिर." घरी आल्यावर त्यांनी भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा तळहातावर धरून माझ्यापुढे केला. मी हसलो. ते हसले नाहीत, म्हणून मी मुकाट्याने खाल्ला. तेव्हापासून रोज तसंच. फाटक, मग गल्लीचं टोक, मग कृष्णपुऱ्याचा पूल, आणि शेवटी टांगेवाला भेटला तो पहिला दगड. दर चारपाच दिवसांनी थोडंसंच पुढे, आणि मला अजून जावंसं वाटत असे नेमक्या त्या जागी त्यांची काठी आपटायची.

पुलावर एक दिवस ग्वाल्हेरहून सुटीवर आलेले माझे जुने तिघे भेटले. गुडघा त्या दिवशी फार ठणकत होता आणि मी कठड्याला टेकलो होतो. त्यांतला एक म्हणाला, "अरे यार, छोटीशी घे ना. दुखणं गायब. राऊ काय, देवासपर्यंत चालशील." आणि हे खरं होतं, हीच तर पंचाईत होती. एक गोळी आणि दुपारपर्यंत मी राऊला. माझी मुलगी संध्याकाळी माझ्या घरात. बायकोला कळणार कसं? मी त्या डबीकडे पाहत राहिलो. बाबा पुलाच्या टोकाला उभे होते. ते जवळ आले नाहीत, हाक मारली नाही, नदीकडे बघत राहिले. मी परत फिरलो आणि त्यांच्यापर्यंत पोचेतो मला रडू फुटलं. राग तर इतका आला होता की कुणावर आलाय हेच कळेना. बाबांनी त्या दिवशी गुळाचे दोन खडे दिले.

संक्रांतीला मात्र मी माती खाल्ली. सकाळी उठलो तो अंग हलकं. जांभई नाही, कंबर गप्प. गच्च्यांवर पतंगांची धमाल, बाबा आंघोळीला गेलेले, आणि मला कुणाचं तरी भय वाटावं असं काही वय नव्हतं. सुटलो. पहिला दगड, दुसरा दगड, तिसरा. तिसऱ्या दगडाच्या पाठीवर मी चक्क थाप मारली. परत फिरलो आणि शंभर पावलांत पाय पेंढ्याचे झाले. एका बैलगाडीवाल्याने मला उसाच्या मोळ्यांवर आडवा घालून घरी आणलं. पुढे नऊ दिवस मी अंथरुणात होतो आणि दुखणं पहिल्यापेक्षा वाईट. मला वाटलं संपलं सगळं. बाबा रागावतील म्हणून वाट पाहत होतो, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं. ते दहाव्या दिवशी आले, म्हणाले, "चल, फाटकापर्यंत."

पुन्हा फाटक. पुन्हा गल्ली. या खेपेला मी सांगितलेलं ऐकलं.

आणि मग ते घडायला लागलं. एके दिवशी मी जिना चढून माडीवर गेलो, ट्रंक उघडली, कागद काढला, आणि मग आठवलं की गुडघा दुखला नाही. पुन्हा खाली उतरलो, पुन्हा चढलो. मोठ्याने ओरडलो, "बाबा, जिना!" त्यांनी खालून विचारलं, "टूटा क्या?" दुपारी झोप काढल्याशिवाय माझं भागायला लागलं. आंघोळीची बादली मी उचलली. होळीच्या आसपास तीन मैल जाऊन परत, मग चार मैल जाऊन परत. चार अधिक चार आठ, हा हिशोब करायला काही मोठं डोकं लागत नाही, पण मी तो दिवसातून दहा वेळा करायचो आणि दर वेळी मला आनंदाने बसवत नसे.

चैत्रातल्या एका पहाटे आम्ही दोघं निघालो. पहिल्या दगडापाशी आलो, मी सवयीने हात लावला. बाबा थांबले.

"आज वापस फिरू नको," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत ते दगडावर बसले आणि चंची काढून तंबाखू मळायला लागले.

त्या वाटेचं काय सांगू. दर दगडाला हात लावत गेलो. चौथ्याला बसलो, सहाव्याला बसलो, कडुनिंबाच्या सावलीत पाणी प्यायलो. सातव्यापुढे पोटऱ्या भरून आल्या, पण ते दुखणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मी थांबलो की तेही थांबत होतं. मी वाटेवरच्या प्रत्येक माणसाला रामराम घातला. राऊ दिसलं तेव्हा मी चक्क गात होतो, आणि मला गाता येत नाही.

मास्तरांच्या घरी हळदीकुंकवाची गडबड होती. ही मागच्या दारी पायरीवर बसून कैरी किसत होती. मी धापा टाकत, हसत, एकाच दमात सगळं बोलायला लागलो, जिना, संक्रांत, बाबा, गूळ. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"टांगा कुठे उभा केलात?"

"चालत आलो."

"आठ मैल चालून? असा चेहरा घेऊन?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच खुललेला चेहरा तिने तीनदा पाहिला होता. मी लंगडत, कण्हत आलो असतो तर तिने ताबडतोब विश्वास ठेवला असता. बरा होऊन आलो तर अमल चढल्यासारखा दिसत होतो. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मेव्हणे बाहेर आले आणि म्हणाले, "पाहुणे, खरं काय ते सांगा." खरं काय ते मी केव्हाच सांगून बसलो होतो.

ती उठली, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आंबेडाळीची वाटी होती. वहिनी आतून म्हणाल्या, "अगं, गौरीला नैवेद्य दाखवायचाय अजून."

"गौर थांबेल," ती म्हणाली आणि वाटी माझ्यापुढे पायरीवर ठेवली.

कैरी अशी आंबट की कानशिलं ताठली. डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळं कैरीचं नव्हतं. मी वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि पुढे केली. तिने दुसरी दिली. तीही संपवली. तिसरी मागितली तेव्हा ती माझ्यासमोर खालीच बसली.

"पाय दुखतात?" तिने विचारलं.

"दुखतात."

"किती?"

"आठ मैल."

तिने पदर तोंडाला लावला. मग आमची मुलगी आतून पन्ह्याचा पेला घेऊन आली आणि निम्मं माझ्या अंगावर सांडलं.

हळदीकुंकू आटोपून ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. टांगा तिनेच करायला लावला. म्हणाली, "येताना चालत या म्हटलं होतं, जाताना नव्हतं." पहिला दगड आला तेव्हा मला आधी विश्वासच बसेना. बाबा सकाळपासून तिथेच होते. टांगा पाहून त्यांनी मान फिरवली. टांगा म्हणजे मी हरलो, असंच त्यांना वाटलं असणार. तेवढ्यात मुलीने हाक मारली, "आजोबा!"

ते उठले. टांग्याजवळ येऊन आत कोण कोण आहे ते एकदा नीट पाहिलं. मग धोतराच्या कनवटीतून पुडी काढली आणि चणे नि गूळ तळहातावर धरून नातीपुढे केला. तिने खाल्ला. मग तो हात त्यांनी माझ्यापुढे केला.

आम्ही तिथेच टांगा सोडला. शेवटचा मैल चौघं चालत गेलो, मुलगी माझ्या खांद्यावर होती. मी थकलो होतो, आणि बाबा मला वापस फिर म्हणाले नाहीत.