बाईला सांगायला हवं

नेपरव्हिलमधला माझा शेजारी बेसमेंटमध्ये सापाची अंडी उबवतो. एखादं अंडं बुरशी येऊन गेलं, की काचेच्या पेटीतल्या मादीपाशी जाऊन सांगतो, "बाई, आज अजून एक गेलं गं. सॉरी." सापाला कान नसतात, हे त्यानेच मला सांगितलंय. मी भित्रा, जिन्यावरूनच बघतो.

शेवटचं अंडं चेपलं, तेव्हा मी म्हटलं, "टाकून दे यार." त्याने त्यावर ओलसर फडकं घातलं. "खराब असतं तर वास आला असता."

शनिवारी त्याने हाक मारली. त्याच अंड्याला चीर पडून इवलंसं नाक बाहेर आलं होतं. पेटीकडे बोट दाखवून तो एवढंच म्हणाला, "तू सांग."

मी जिना उतरलो, पहिल्यांदाच काचेपाशी गेलो.

"बाई, एक आलं गं."