अक्काचं मुसकं

धरणगावला आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. नाना, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. ते काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि ऊन तापायला लागलं की संपायचं. उरलेलं वर्ष मिळेल ते काम. आई लोकांच्या शेतात जायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि चटणी हेच आमचं सकाळचं आणि तेच संध्याकाळचं जेवण. अशा घरातली मुलगी दहावीनंतर घरीच बसते. मी बसले नाही. मी बी.कॉम. झाले, आमच्या सगळ्या भाऊबंदांत पहिली. आणि ते अक्कामुळे झालं.

अक्का ही नानांची थोरली बहीण. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती भावाच्या दारात आली, ती कायमची. पेटीत लुगडी होती दोनच, पण हातात कसब होतं. खापरावरचे मांडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं आणि तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या मातीच्या खापरावर तो एका झोकात टाकायचा. हात जरा चुकला की पुरण चुलीत. अक्काचा हात चुकत नसे. लग्नसराईत तिला जळगावपासून पारोळ्यापर्यंत बोलावणी यायची. माझ्या कॉलेजच्या चार वर्षांची फी, एक वर्ष गटांगळी धरून, त्या खापरावर भाजून निघाली.

तर अशी ही अक्का. उंच, जाड, मान आखूड, नाकात तिच्या आईने लहानपणी टोचलेली सोन्याची फुली. आणि ती झोपायची. कुठेही झोपायची. बसमध्ये, कीर्तनात, डाळ निवडताना, एकदा तर माझ्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत. कोणी हलवलं की डोळे न उघडता म्हणायची, "मी काय झोपेल शे का वं? डोया मिटीसन इचार करी ऱ्हायनू."

"कसला विचार, अक्का?"

"तुन्हा लगीनना."

की मी तिथून पळ काढायची.

रात्री तिचं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. मोठमोठ्याने चालायचं, मग एकदम थांबायचं. सगळं शांत. आम्ही भावंडं अंथरुणात श्वास धरून वाट बघायचो. नाना अंधारातून म्हणायचे, "भुसावळ उनं. इंजिन बदली ऱ्हायनं." आणि मग अक्का एक मोठा हिसका देऊन पुन्हा सुरू व्हायची, की आम्ही पांघरुणात तोंड खुपसून हसायचो. आई म्हणायची, "हसू नका रे. घरात एका माणसाला तरी सुखाची झोप आहे." जो इतका घोरतो तो गाढ झोपतो, यात आम्हा कुणालाच कधी शंका आली नाही. गल्लीत नाही, नातेवाइकांतही नाही. उलट अक्काच्या झोपेचा सगळ्यांना हेवा वाटायचा.

मी जळगावला नोकरीला लागले, तिथेच पिंप्राळ्यात भाड्याने खोली घेतली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका शेठजींच्या घरी लग्न होतं. मागच्या अंगणात चुली मांडलेल्या, आणि अक्काच्या शेजारच्या खापरावर इंदूबाई. इंदूबाई म्हणजे अक्काची जन्माची जोडीदारीण. मांड्यांच्या कामाला दोघी कायम बरोबर जायच्या आणि कायम भांडायच्या. त्या दिवशी अक्काने गोळा हातावर घेतला, कोपरापर्यंत वाढवला, आणि तशीच, दोन्ही हात पुढे धरून, झोपली. मांडा घसरून चुलीत पडला. त्याच्या मागोमाग अक्काही पुढे कलली. डावा हात मनगटापासून भाजला आणि पदराने पेट घेतला. इंदूबाईने हात धुवायच्या पाण्याची परातच तिच्या अंगावर रिकामी केली म्हणून थोडक्यात निभावलं.

त्या रात्री इंदूबाई धरणगावला आमच्या घरी आली. आवाज नेहमीचा नव्हता. "अक्का, तुन्हा हातना मांडा म्हणजे मांडा शे. पण तू तठे जळी मरशी तं आम्ही लोकेसले काय सांगसूत? आते तू पुरण वाट. खापरजवळ नको बसू."

"पुरण काय, कोनी बी वाटस," अक्का म्हणाली.

"मंग नको वाटू. पण खापरजवळ नही."

अक्काला मी रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. नवऱ्याने टाकल्यावर या बाईने मान वर करून चालायचं ज्या एका गोष्टीच्या जोरावर ठरवलं होतं, तीच तिच्या हातून काढून घेतली होती. आणि इंदूबाईचं चुकलं असं कोण म्हणणार?

हाताच्या मलमपट्टीला मी अक्काला जळगावच्या दवाखान्यात नेत असे. तिथे बाकावर ती लगेच घोरायला लागायची. ड्रेसिंग करणारी एक तरुण डॉक्टरीण एकदा हातातलं काम सोडून तिच्यासमोर उभी राहिली. अक्काचं घोरणं थांबलं तशी ती घड्याळाकडे बघायला लागली. अक्का हिसका देऊन पुन्हा सुरू झाल्यावर मला म्हणाली, "ताई, हे रोज असंच होतं?"

मी हसून म्हणाले, "लहानपणापासून बघतेय."

ती हसली नाही. धुळ्याला झोपेच्या आजारांची तपासणी करणारे डॉक्टर होते, त्यांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

धुळ्याला मी, नाना आणि अक्का गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, रात्री झोप कशी लागते?"

"पडताच लागस, दादा."

"आणि सकाळी उठल्यावर कसं वाटतं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. "सकायले आसं वाटस, जशी रातभर मी पाट्यावर पुरण वाटी ऱ्हायनू."

तिला एक रात्र तिथे ठेवून, अंगाला वायरी लावून तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "यांना वाटतं त्या झोपतात, तुम्हालाही वाटतं. पण झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो, आणि जीव वाचवायला मेंदू यांना दर वेळी अर्धवट जागं करतो. असं रात्रभर. यांना गाढ झोप मिळत नाही. किती वर्षं मिळालेली नाही कोण जाणे. मग दिवसा पेंगणार नाहीत तर काय करतील?"

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी घोरत होती. पारोळ्यापर्यंत नाना तिच्याकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतला वरीस तिना श्वास थांबे, अन् आम्ही हासूत."

उपाय म्हणजे एक मशीन. रात्रभर चेहऱ्यावरच्या मास्कमधून नाकात हवेचा दाब सोडायचं, म्हणजे घसा मिटत नाही. मशीन मी घेतलं. माझ्या पगारातून घेतलं, हे मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे. अक्का काही महिने माझ्याकडे पिंप्राळ्यात राहायला आली आणि आम्हाला वाटलं, झालं. झालं काहीच नव्हतं. मशीन आलं, पण मास्क कुठे बसतोय!

पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा होता. अक्काने तो लावला, आरशात बघितलं आणि जाहीर केलं, "बैलले मुसकं बांधतस ना, तसं बांधी दिधं माले." खळ्यात मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याला जाळी बांधतात, ते मुसकं. तेव्हापासून आमच्या घरात मास्कचं नाव मुसकं पडलं. थोड्याच वेळात "जीव कोंडस" म्हणत तिने ते काढलं आणि पलंगाखाली टाकलं.

मशीन देणारे पाटील म्हणून एक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दुसरा प्रकार दिला. नाकपुड्यांत दोन मऊ टोकं बसतात, बाकी चेहरा मोकळा. तो अक्काला आवडला असता, पण फुलीचं मळसूत्र आतून त्या टोकाला टोचायला लागलं. पाटील म्हणाले, "आजी, रात्रीपुरती फुली काढून ठेवा."

"भाऊ, ही मन्ही मायनी टोचेल शे. नवरा गया, तवय बी काढी नही. मशीनसाठे काढाव नही."

मी चिडले. "अक्का, फुली मोठी की झोप मोठी? परत चुलीत पडायचंय का?"

"तू बीकॉम शे ना? मंग फुली बी ऱ्हाई अन् झोप बी येई, आसं काही शोध."

ती अशीच बोलायची. माझ्या शिक्षणाचा तिला इतका अभिमान होता की कुठलंही अशक्य काम ती माझ्या पदवीच्या खात्यावर टाकायची. नळ बिघडला तरी "भाची बीकॉम शे" म्हणून मला पुढे करायची.

तिसरा मास्क फक्त नाकावर बसणारा, मधल्या मापाचा. फुली आतल्या पोकळीत सुटी राहायची, टोचत नव्हती. पण तो शीळ घालायचा. कडेने हवा निसटून डोळ्यांत जायची, आणि सकाळी अक्काचे डोळे लाल, नाकाच्या हाडावर वळ उठलेला. जितकी हवा निसटे तितका ती पट्टा ओढून घट्ट करायची, आणि जितका घट्ट करायची तितकी शीळ वाढायची. कितीतरी दिवस हे चाललं. शेवटी तिने मशीन बंद करून त्यावर माझ्या टीव्हीचं क्रोशाचं कव्हर घातलं. म्हणाली, "माले धरणगावले धाड. पुरण वाटसू."

हे मात्र मला सहन झालं नाही. पुरण वाटेन, हे तिने आपणहून म्हणावं!

मी पाटलांना घरी बोलावलं. ते म्हणाले, "आजी, रात्री लावता तसा आत्ता लावून दाखवा." अक्काने मास्क नाकावर दाबला, दोन्ही पट्टे धरले आणि कडबा बांधताना आवळावा तसे आवळले.

पाटील बघतच राहिले. "अहो, एवढं कशाला?"

"मुसकं ढिलं बांधीसन चालस का? बैल काढी टाकस."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने त्या वस्तूला पहिल्या दिवशी जे नाव दिलं होतं, त्या नावाप्रमाणेच ती तिला वागवत होती. पाटलांनी पट्टे सैल केले, अंबाड्याखाली अडकत होता तो पट्टा अंबाड्याच्या वर घेतला, मशीन सुरू केलं आणि तिला आडवं व्हायला सांगितलं. "याच्या कडेला ही जी मऊ गादी आहे ना, ती हवेने फुगते आणि स्वतःच चेहऱ्याला चिकटते. तुम्ही दाबून टाकलंत तर फुगणार कशी?"

अक्का पडल्या पडल्या मास्कमधून बोलली, आवाज डब्यातून आल्यासारखा. "मंग आसं सांगाना भाऊ पहिलाच. फुगाले जागा नही दिधी तं मांडा बी फाटस."

शीळ बंद झाली होती. पाटलांनी आणखी एक सांगितलं: रात्री तोंडाला तेल चोळायचं नाही, मास्क घसरतो. रोज रात्री तेल लावायचा हट्ट तिने सोडला. फुलीचा सोडला नाही, सोडायची गरजही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अक्का खिडकीशी बसलेली. चहा करून झालेला. माझ्याकडे बघून लहान मुलासारखी आश्चर्याने म्हणाली, "ज्योते, बठ्ठी रात कोठे गई, माले समजनंच नही. डोया उघडी पाह्यं तं उजाडी गयथं." मग चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली, "लोके रोज आसाच झोपतस का वं?"

"हो, अक्का."

"मंग इतली झोप भेटस, तरी बी दिवसभर भांडतस कसाले?"

रोजची सकाळ काही अशी नव्हती. सर्दी झाली की मास्क नको व्हायचा, वीज गेली की वैताग. पण डोकं हलकं झालं होतं. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत बसायची आणि रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक केळीच्या बागेवर मत द्यायची. मी पेंगायला लागले की मला कोपराने ढोसायची.

अक्का गेली त्याला आता दोन उन्हाळे झाले. कावीळ झाली, पंधरवड्यात आटोपलं. पण ते बरंच पुढचं. त्याआधीची आखाजी सांगायची आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात आणि घरोघर मांडे लागतात. ज्यांना जमत नाही ते इंदूबाईकडे आधीच सांगून ठेवतात. त्या वर्षी, अक्का मशीन घेऊन धरणगावला परतल्यावर, इंदूबाईच्या अंगणात पहाटेच खापरं चुलींवर चढली, आणि कोणी न बोलावता अक्का जाऊन एका खापरापुढे बसली. इंदूबाईने तिच्याकडे बघितलं, उठली, पाण्याने भरलेली परात आणून दोघींच्या मधे ठेवली आणि परत बसली. मी कडेला पुरणाचे गोळे करत होते. माझं सगळं लक्ष अक्काच्या पापण्यांवर.

सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. इंदूबाई एक डोळा खापरावर आणि एक अक्कावर ठेवून होती. अक्काचे मांडे एकामागून एक पडत होते, चंद्रासारखे गोल आणि पातळ, एकसुद्धा न फाटता. जेवणं झाली. नंतरच्या त्या जड, गरम दुपारी, चुलींच्या धगीत, सगळं अंगण सुस्तावलं. माझेही डोळे मिटत होते. तेवढ्यात अक्काचा आवाज आला.

"इंदू! उठ वं! तुन्हा मांडा जळी ऱ्हायना!"

इंदूबाई दचकून जागी झाली. तिच्या खापरावरून धूर निघत होता. तिने जळका मांडा उचलून बाजूला टाकला, अक्काकडे बघितलं, परात उचलली आणि त्यातलं पाणी अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतून दिलं.

"उद्या येशी ना?" तिने विचारलं.

"येसू ना. कसाले नही?"

त्यानंतर जेवढी वर्षं अक्का जगली, तेवढी वर्षं सर्दीच्या आणि वीज गेलेल्या रात्री सोडल्या तर ती मास्क लावून शांत झोपली, सकाळी ताजी उठली, आणि प्रत्येक लग्नसराईत खापरापुढे बसली. तिचा हात पुन्हा भाजला नाही.