निम्म्यावर ठेवलेला फोन

मे महिन्यात डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा संपली की लातुरात कपाटं उघडतात, आणि दोन दोन वर्षं कुलपात पडलेले फोन माझ्या दुकानात येतात. पोरगं अकरावीला क्लासला लागलं की आईबाप पहिलं काम कोणतं करतात, तर त्याचा फोन बंद करून कपाटात टाकतात. परीक्षा झाल्यावर तो बाहेर काढतात, दिवसभर चार्जिंगला लावतात, काहीच होत नाही, आणि मग भांडायला माझ्याकडे येतात.

"कपाटातच व्हता की ओ. कुणी हात बी लावला न्हाई त्याला."

"त्योच तर घोळ झालाय," मी म्हणतो. हे इतक्यांदा म्हणून झालंय, की आता मान वर करायचेही कष्ट घेत नाही.

फोन बंद असला तरी बॅटरी थोडी थोडी उतरतच राहते. फार खाली गेली की तिच्यातलं सुरक्षेचं सर्किट वाट बंद करतं, मग चार्जर लावून काही उपयोग नसतो. मागचं झाकण काढायचं, बॅटरी सोडवायची, मीटर लावायचा. दोन-अडीच व्होल्ट दिसले तर थोडी आशा असते. मग टेबलावरच्या पॉवर सप्लायवरून अगदी बारीक करंट सोडायचा आणि बॅटरीवर बोट ठेवून बसायचं. गरम लागली तर लगेच काढायची. तीन व्होल्टच्या वर चढली तर पुढचं नेहमीच्या चार्जरवर सोपवता येतं. फुगलेली किंवा पार तळाला गेलेली मी घेत नाही, वाळूच्या बादलीत टाकतो. करून तर बघा, असं गिऱ्हाईक म्हणतं. घर पेटवायचंय का, असं मी विचारतो. एका मोसमात हा संवाद किती वेळा होतो ते विचारू नका. कंटाळा येतो.

माझ्या अब्बांना कंटाळा माहीत नव्हता. ते रेडिओ दुरुस्त करायचे. भूकंपानंतर किल्लारीकडची माणसं ढिगाऱ्यातून काढलेले रेडिओ घेऊन यायची. घरची माणसं गेलेली, आणि हातात मातीनं भरलेला रेडिओ. अब्बांनी एकालाही "होत नाही" असं सांगितलं नाही. महिना महिना ते एकेक रेडिओ उघडून बसत. वस्तू मेली म्हणायची आमच्या घरात चोरी होती, आणि ती खोड माझ्यातही उतरली.

म्हणून माझी मुलगी अकरावीला क्लासला लागली तेव्हा तिचाही फोन मी काढून घेतला, पण कपाटात टाकला नाही. दुकानातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दर दोन महिन्यांनी शुक्रवारी नमाजहून आलो की तो चालू करायचो, बॅटरी टिकावी म्हणून निम्माच चार्ज करायचो, थोडा वेळ चालू ठेवायचो आणि पुन्हा बंद करायचो. सिमचं रिचार्ज संपलेलं होतं, पण दुकानाचं वायफाय त्याच्या ओळखीचं होतं. चालू केला की टिंग टिंग मेसेज येऊन पडायचे. मी फोन पालथा घालायचो. पोरीचं आहे, आपण वाचू नये. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकांना मी छाती काढून सांगायचो, अख्ख्या लातुरात नीट ठेवलेला फोन एकच आहे, आणि तो माझ्या पोरीचा.

परीक्षा झाल्यावर मी तो तिच्या हातात दिला. "बघ, बॅटरी नवीसारखी आहे." ती हसली. दुकानातल्या स्टुलावर बसून तिनं मेसेज उघडले आणि हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं कुणीतरी गेलं.

दहावीपर्यंत तिच्याच बाकावर बसणारी एक मैत्रीण होती. वडिलांची बदली नांदेडला झाली म्हणून ती तिथल्या क्लासला गेली. तिचाही फोन कपाटातच असणार, असं माझी मुलगी धरून चालली होती. पण तो मैत्रिणीजवळच होता. मुलीनं शेवटचा मेसेज माझ्यापुढे धरला. "तुझा फोन चालू आहे. मला डबल टिक दिसते. बोलायचं नसेल तर तसं सांग." पुढे वर्षभर काहीच नव्हतं.

मला कळायला वेळ लागला. फोन मेलेला असता तर मेसेज पोचलेच नसते. फोन बंद आहे, एवढंच तिला वाटलं असतं.

आम्ही घरात दखनी बोलतो. मुलगी न रडता म्हणाली, "मरने देना था ना अब्बा उसकू."

तिनं तिथूनच माझ्या फोनवरून मैत्रिणीला कॉल लावला. रिंग वाजायला लागली तसा फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

अनोळखी नंबर म्हणून ती पोरगी "कोण?" विचारू लागली. मी नाव सांगितलं, मग सगळं सांगून टाकलं. ड्रॉवर, शुक्रवार, निम्मा चार्ज. फोन तिच्याजवळ नव्हताच, माझ्याजवळ होता.

"काका, मेसेज आल्याचा आवाज येत व्हता का तुम्हाला?"

"हाव."

"अन् वाचला न्हाई?"

"दुसऱ्याचं कसं वाचावं, पोरी?"

मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी एका शुक्रवारी ती क्लास सोडून नांदेडच्या बस स्टँडवर येऊन बसली होती. घरी सांगवत नव्हतं, अभ्यास झेपत नव्हता. लातूरच्या गाडीसमोर बसून तिनं मेसेज टाकून विचारलं होतं, "येऊ का? दोन दिवस राहीन."

"लगेच डबल टिक आली, काका. तासभर बसले. मंग गाडी गेली."

माझी मुलगी समोर उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी फोन तिच्याकडे धरला, पण पलीकडून आवाज आला.

"तिला सांगा, राग न्हाई माझा. पण आता तिच्याशी काय बोलावं, त्ये सुचून न्हाई राहिलं."