छाटलेले नेफे

हसीना लग्न होऊन जाफराबादहून जुन्या जालन्यात आली ती १९८१ साली, आणि आल्या आठवड्यातच शिलाई मशीनवर बसली. नवरा अजमत मोटारींच्या कुशनचं दुकान चालवायचा. गाडीच्या छताला आतून जे कापड असतं, ते घरी हसीनाने शिवायचं. त्याला उलट्या बाजूने परकरासारखे नेफे शिवावे लागत. त्यांतून कमानदार सळया ओवायच्या, म्हणजे कापड वर ताठ राहतं. ओवण्याचं काम दुकानातलं, अजमतचं. हसीना दुकानात कधी गेली नाही. आपण शिवलेलं छत गाडीत कसं दिसतं, हे तिने पाहिलंच नव्हतं.

ऐकलं मात्र पुष्कळ होतं. "फिर लटक गया कपडा. तेरी सिलाई कच्ची," अजमत जेवता जेवता सांगायचा. ती मान खाली घालायची. मग तिने दुहेरी टीप घातली, पुढे मेण लावलेला दोरा घेतला. तक्रार तरी यायचीच. शेवटी शेजारणींची पोलकी शिवणंही तिने सोडलं. खोट आपल्या हातातच आहे, अशी तिची खात्री झाली होती.

१९९४च्या एप्रिलात अजमत सायकलवरून पडला आणि उजवा हात प्लास्टरात गेला. त्याच आठवड्यात तीर्थपुरीचे अण्णासाहेब त्यांची जुनी ॲम्बॅसेडर घेऊन थेट घराच्या दारात आले.

"अजमतभाई, डोक्यावर ह्या छताचा पदर घिऊन गाडी चालवून राह्यलो मी! घरचे म्हणतात, आता बांगड्या तेवढ्या भरा." हसीना दारामागे हसली, तसे ते म्हणाले, "हसू नका, भाभी. ह्या बारीला बराबर झालं न्हाई, तर तीर्थपुरीची एक गाडी तुमच्याकडं येणार न्हाई."

गाडी ठेवून ते एसटीने परत गेले.

"नीचे से सोल्यूशन लगाके चिपका दे," अजमत म्हणाला. "कपडा उतारू नक्को."

"उतारे बगैर सिलाई कहाँ उधडी, कैसा मालूम पडता?"

"मैं नक्को बोला ना!"

एवढा चढलेला आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तरी ती मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली आणि कापडाची कड सोडवली. सुकलेल्या सोल्यूशनच्या पापुद्र्यांसकट सगळं कापड तिच्या अंगावर आलं. वर नुसता पत्रा होता. एकही सळई नव्हती.

तिने कापड उलटं केलं. टिपा जशाच्या तशा होत्या. दुहेरी, मेणाच्या दोऱ्याच्या. पण टिपेला लागून सगळे नेफे कात्रीने छाटून टाकलेले. कापड डोक्यावर तसंच घेऊन ती बसून राहिली.

"सलाखां डालने में दो दिन जाते, नेफे काटके चिपकाने में एक घंटा," बाहेरून अजमत बोलला. "गिऱ्हाईक रुकता नै."

"और मेरी सिलाई?"

"किसी का तो नाम लेना पडता था. तू कहाँ दुकान में सुनने आती थी."

"घर में तो मैंच सुनती थी ना!"

तो प्लास्टरची कड नखाने खरवडू लागला.

"सलाखां कहाँ हैं?"

त्याने मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि गोणपाटाखाली खुराड्याच्या लोखंडी कमानी. रोज संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने त्याच सळयांवर गोणपाट पांघरत आली होती!

मग तिने खुराडं मोडलं. सळया घासून गाडीच्या मापाने लावून पाहिल्या, नवं कापड शिवलं, नेफ्यांत सळया ओवल्या, कडा काचेच्या रबराखाली दाबल्या. मान अवघडून गेली.

अण्णासाहेब आले, त्यांनी छतावर तळवा आपटला. "हां, ह्याला म्हणायचं काम! ह्या बारीला शिलाई पक्की केली म्हणा की, भाभी."

हसीनाने जुनं कापड त्यांच्या हातात दिलं. "ओढा."

त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. टीप हलली नाही.

"मंग सुटलं कशानं?"

"त्यांना विचारा," म्हणून ती आत गेली. आता तो दोष उन्हावर ढकलेल, नाहीतर कापडावर. त्याच्याकडे उत्तरांची कमी कधीच नव्हती.

"नेफे मी छाटले होते, अण्णासाहेब," अजमतचा आवाज आला. "शिलाई पहिल्यापासून पक्कीच होती."

आत हसीनाच्या हातातला पाण्याचा तांब्या निसटून फरशीवर आदळला आणि अंगणात मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या फडफडत पळाल्या.