सुगतनं टॉकीजचे दोन भाग केले

सुगत माझा धाकटा भाऊ. पवनीच्या टॉकीजात डोअरकीपर आहे, अन् आमच्या घराण्याची अक्कल त्याच्यातही उतरली, हे मी छाती ठोकून सांगतो.

कोरोनाची तिसरी लाट होती. मालकानं त्याले बजावलं, "मास्क सगळ्यायनं लावाच लागते. अन् आत भांडण झालं त तुही नोकरी गेली."

सहाच्या खेळाले आलेल्या गिरजाबाईनं आपल्या नवऱ्यालेच, बाबुलालले, हटकलं, "तोंड झाका ना!"

बाबुलाल म्हणे, "मंग तंबाखूचा खर्रा कुठून खाऊ, कानातून?"

झालं! अर्धे लोक म्हणे लावा, अर्धे म्हणे काढा. "सुगतभाऊ, तूच सांग ना, कायदा काय म्हणते?"

सुगतचं डोस्कंच चालेना. मास्क लावाले लावलं त भांडण होते, भांडण मिटवलं त मास्क राहून जाते. शेवटी बॅटरी हालवत तो ओरडला, "मास्कवाले उजवीकडे, बिनमास्कवाले डावीकडे!"

लोक उठून आपापल्या बाजूले जाऊन बसले. गिरजाबाई उजवीकडे, बाबुलाल डावीकडे. पण आपण बरोबर केलं का चुकलो, हे सुगतले घरी आल्यावरही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकानं बोलावलं. नोकरी गेली समजून तो गेला, त तिथं गिरजाबाई उभी. "मालक, मले आजही उजवीकडचंच तिकीट द्या, अन् आमच्या ह्यायले डावीकडचं. लगन झाल्यापासून पहिल्यांदा पिक्चर नीट ऐकाले भेटला."

मालकानं सुगतच्या हाती रंगाचा डबा देल्ला. "टॉकीजच्या मधातून पट्टी मार."

सुगतनं पट्टी मारली. पण मास्कचा नियम राहिला का गेला, हे त्यानं इचारलं नाही, अन् मालकानंही सांगितलं नाही.