खंडेनवमीचा राऊटर

आमच्या बुवापाड्यातल्या घरात राऊटर देवघराशेजारच्या फळीवर असायचा. ती जागा कुणी ठरवली नव्हती. केबलवाल्याच्या माणसाची वायर जिथवर पुरली तिथे त्याने तो ठेवला आणि तो तिथलाच झाला. पांढऱ्याचा पिवळट पडला होता, एक अँटेना वाकली होती, पण चालत होता. त्या डब्यावर माझी पहिली नोकरी चालायची. दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीसाठी मी घरी बसून विम्याचे कागद तपासत असे. घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिलीच, त्यामुळे नोकरी अशी दिसते हे बाबांना नवीन होतं. शेजाऱ्यांनी विचारलं की ते फळीकडे बोट दाखवून सांगायचे, "बायचं ऑफिस ते तिथे."

त्या वर्षी नेमकी खंडेनवमीला दुपारी माझी शेवटची मुलाखत आली. उमेदवारीची मुदत संपत होती, आणि मला कायम करायचं की नाही ते त्या मुलाखतीत ठरणार होतं. माझ्याबरोबर लागलेल्या दोघींना आधीच नकाराचा मेल येऊन गेला होता. त्यातली एक फोनवर रडत म्हणाली होती, "अगं, माझा आवाजच तुटत होता. त्यांना वाटलं मला उत्तर येत नाही." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यात कंपनीचा नियम कडक. त्यांचा लॅपटॉप नोंदवलेल्या घरच्या लाइनवरच चालवायचा. मोबाईलचं किंवा शेजाऱ्यांचं इंटरनेट चालायचं नाही.

आई मावशीकडे बदलापूरला गेली होती. सकाळी मी झेंडू आणायला शिवमंदिराच्या रस्त्याला गेले. परत आले तर बाबांनी अर्धी पूजा आधीच उरकलेली. त्यांचा स्क्रूड्रायव्हर, पकड, माप घ्यायचं जुनं व्हर्नियर, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. राऊटरवर जास्वंदीचं फूल होतं. घरात उदबत्तीचा वास होता. मी हात जोडले आणि मग माझं लक्ष दिव्यांकडे गेलं. रोज चार हिरवे दिवे असायचे. आज एकच लुकलुकत होता, बाकीचे काळे.

मी स्वतःला सांगितलं, घाबरायचं नाही. बटण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. तोच एक दिवा. दुसऱ्या सॉकेटला लावून बघितला. अडॅप्टर काढून पुन्हा घट्ट बसवला. लॅपटॉपवर आमच्या वाय-फायचं नाव शोधलं, तर आजूबाजूच्या सगळ्यांची नावं दिसत होती, आमचंच नव्हतं. मग वायरीने लॅपटॉप थेट राऊटरला जोडला आणि त्याचं सेटिंगचं पान उघडायला गेले. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. बाबा मागे उभे होते.

केबलवाल्याचं ऑफिस उल्हासनगरला. फोन म्हाताऱ्या शेठनेच उचलला.

"बेटा, बंद करके चालू किया?"

"किती वेळा केलं, शेठ. एकच बत्ती लुकलुकतेय."

"वो डब्बा अभी तक जिंदा था? मेरे को लगा तूने कब का भंगार में दे दिया."

"शेठ, दुपारी माझी मुलाखत आहे. कुणाला तरी पाठवा ना."

"आज किसको भेजूँ? लड़के सब पूजा में बैठे हैं. कल दसरा. परसों सुबह पहला नंबर तेरा, पक्का."

परवा. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. बाबांच्या ओव्हरटाइमवर मी शिकले होते, आणि ते सगळं शिक्षण एका लुकलुकत्या दिव्यापुढे येऊन अडकलं होतं.

बाबा हळूच म्हणाले, "पूजेनंतर मशीन बंद पडलं."

ते असं का म्हणाले ते मला कळलं. मोरिवलीतली त्यांची कंपनी अशाच एका खंडेनवमीला शेवटची चालली. लेथला हार घातले, पेढे वाटले, मशीनं बंद करून सगळे घरी आले. दसऱ्यानंतर कामावर गेले तर गेटला कुलूप, आणि कुलपाशेजारी कागद, की पुढचं काय ते कळवू. त्यानंतर कुणी काही कळवलं नाही.

"बाबा, मी नसताना तुम्ही काय काय केलंत?"

"पूजा केली."

"म्हणजे काय काय?"

"पुसला. हळदकुंकू लावलं. फूल वाहिलं. उदबत्ती लावली."

"उदबत्ती कुठे लावलीत?"

त्यांनी राऊटरच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. "त्याला बारीक भोक आहे ना, त्यात. लेथला तेल सोडायचं भोक असतं, त्यात आम्ही खोचायचो. याला बरोबर बसली." मग खाली बघत म्हणाले, "विझली म्हणून काढायला गेलो, तर काडी मोडली."

ते रिसेटचं भोक होतं. आत एक बटण असतं, राऊटरला सगळं विसरायला लावणारं. ते बटण मोडक्या काडीखाली दाबलेलंच राहिलं होतं. कारण कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. मी सेफ्टी पिन घेऊन काडी ओढायला गेले आणि ती आणखी आत गेली.

"थांब, बाय, थांब!" बाबा ओरडले. ते माझ्यावर सहसा ओरडत नाहीत.

शेवटी बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला. त्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. मी म्हटलं, तुम्ही उघडा. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही हात लावणार त्याला. एकदा लावला तेवढा बस." मग मीच स्क्रू काढले. एक हातातून निसटून फळीखाली गेला, तो शोधायलाही मी थांबले नाही. झाकण उचकटलं तेव्हा प्लास्टिक कडकन वाजलं आणि मला वाटलं, संपलं. पण काडीचा मोडका तुकडा आपोआप फळीवर पडला.

राऊटर उघडाच ठेवून बटण चालू केलं. एक दिवा, मग दुसरा, मग तिसरा. चौथा, इंटरनेटचा, लागेना. राऊटर खरंच सगळं विसरला होता, आमची लाइनही. मी पुन्हा शेठला फोन लावला. या वेळी त्याने चिडवलं नाही. लाइनचं नाव आणि पासवर्ड एकेक अक्षर करून सांगू लागला.

"बी. बी फॉर बटाटा."

"लिहिलं."

"फिर एम. एम फॉर मेथी."

"शेठ, तुम्ही भाजीवाल्यापाशी उभे आहात का?"

"तू लिख, हँस मत. तेरा इंटरव्यू है."

मी हसले नव्हते, नुसती चिडले होते. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चौथा दिवा हिरवा झाला.

मुलाखत वेळेवर सुरू झाली. पूर्ण वेळ बाबा फळीसमोर उभे होते, राऊटरकडे पाठ करून, दोन्ही हात थोडे पसरून, जणू कुणी तो न्यायला येणार होतं. पडद्यावरच्या बाई प्रश्न विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला वाटायचं, आता आवाज तुटेल. तुटला नाही.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"कळवू म्हणाले."

त्यांचा चेहरा पडला. "गेटवरही तेच लिहिलं होतं."

आम्ही दोघं त्या उघड्या डब्यातल्या दिव्यांकडे बघत बसलो. दसरा तसाच गेला. मी सोनं वाटायलाही बाहेर पडले नाही.

कायम केल्याचा मेल पुढच्या आठवड्यात आला. बाबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, मग मराठीत सांगायला लावला. मी म्हटलं, आता राऊटर बंद करते, झाकण नीट बसवून टाकू.

"बंद केलास तर तो कागद जाईल का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा. तो राहतो."

"नक्की?"

"नक्की."

"तरी राहू दे," ते म्हणाले. "आज राहू दे चालू."